मचानावरची हुर्रर्र

पिंपळटोल्यात मोबाइलचं नेटवर्क एकाच ठिकाणी यायचं, आणि ते ठिकाण म्हणजे बिसरामच्या धानाच्या बांधीतलं मचान. सालेकशाच्या पुढे रेल्वे छत्तीसगडात शिरते, तिथं जंगलाला पाठ टेकून हा टोला बसलाय. खाली उभं राहिलं तर फोन म्हणजे नुसता आरसा. भांग पाडायला बरा. मचानाच्या शिडीवर चढावं तशी एकेक दांडी उगवायची, आणि वर फळीवर बसून डोंगरगडाकडे तोंड केलं की दिल्ली-मुंबई हाताशी. फक्त वाराही डोंगरगडाकडूनच यायला हवा. तो बोडीकडून, म्हणजे गावच्या तळ्याकडून, वाहू लागला की पडद्यावर गोल चकरी फिरत राही आणि बोडीतले बेडूक खो खो हसत. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी त्या मचानावरून फोन लावून पाहिलेला नाही, एवढंच म्हणता येईल.

तर अशा गावातल्या गुंजननं, म्हणजे बिसरामच्या थोरल्या पोरीनं, कॅट द्यायचं डोक्यात घेतलं. ही परीक्षा पार केली की मोठ्या कॉलेजात एमबीएला जाता येतं, हे तिला गोंदियाला बीकॉम करताना कळलं होतं. पण खरी ठिणगी पडली ती राइस मिलमध्ये. बाप धान विकायला गेला तेव्हा ती सोबत होती. मिलवाल्या शेठचा भाचा असाच कुठून तरी एमबीए करून आलेला, काचेच्या केबिनमध्ये फिरत्या खुर्चीवर बसला होता आणि मुनिमाला विचारत होता, "इस साल टुकडा इतना क्यों निकला?" तांदळात तुकडा का निघतो, हे गुंजनला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. पण तिला कुणी विचारलं नाही, कारण तिच्याकडे ती खुर्ची नव्हती. पोरीच्या डोळ्यात ती खुर्ची भरली.

बापलेक नागपूरला क्लासची चौकशी करायला गेले. तिथल्या मॅडमनं फी सांगितली, तसा बिसराम बसल्या खुर्चीतून ताडकन उठला आणि म्हणाला, "मॅडम, याच्यात बसाचे पैसे तं नाई ना लागत?"

परतीच्या गाडीत तो आमगाव येईपर्यंत बोटांवर हिशोब करत होता. मग म्हणाला, "पाय पोरी. क्लास काही आपल्याच्यानं होत नाई. घरी बसून होत असन तं हे एक साल तुह्यं. एकडाव दे परीक्षा. झालं तं झालं. नाई झालं तं मिलमधी हिशोबाची नौकरी धरजो, अन् मंग या परीक्षेच्या नावानं तोंड नोको उघडजो."

"मंजूर," गुंजन म्हणाली.

एक साल, एक डाव. गाठ पक्की बसली.

पुस्तकं मिळाली ती रुचिकाकडून. रुचिका फुलचूरची, कॉलेजातली मैत्रीण, गेल्या वर्षी क्लास लावून परीक्षा दिलेली आणि आता बँकेत चिकटलेली. तिनं पुस्तकांचं अख्खं पोतं दिलं. शिकवणारा मिळाला तो फुकट. इंदूरचा कुणी गजेंद्र सर रोज इंटरनेटवर धडे टाकायचा. आवाज असा, की फुटक्या डब्यात गोटे घालून हलवावे. त्याचं एकच पालुपद: गणित अडलं, उतारा अडला, काहीही अडलं की हा टेबलावर हात आपटून ओरडणार, "छोडो! आगे बढो!"

एवढं झाल्यावर प्रश्न उरला नेटवर्कचा, आणि तो राघूंनी सोडवला.

दिवाळीच्या तोंडावर धान दुधात येतं. लोंबीतला दाणा दाबला तर पांढरं दूध निघतं, आणि त्या दुधावर राघूंचा असा जीव, की जंगलातून हिरव्या चादरीच्या चादरी उडत येतात. म्हणून दिवसभर मचानावर कुणीतरी राखणीला लागतं. एरवी या कामाला घरातला प्रत्येकजण पाठ दुखते, पोट दुखते असं काहीतरी सांगतो. त्या वर्षी गुंजन आपणहून म्हणाली, "माय, राखण मी करतो."

रुख्मानं पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

पहिले चार-सहा दिवस मजेत गेले. गुंजन कानात वायरी खुपसून मचानावर बसे, गजेंद्र सर कानात खडखडे आणि राघू खाली आरामात जेवत. एक दिवस बिसराम बांधीवर आला, तर पूर्वेकडच्या कोपऱ्यात लोंब्यांच्या नुसत्या काड्या उभ्या. वर पोरगी वहीत नाक खुपसून बसलेली. ए, बी, सी असे सहाजण एका गोल टेबलाभोवती बसलेत, कोण कोणाच्या शेजारी, असलं कोडं होतं आणि ती सकाळपासून त्याच टेबलाभोवती फिरत होती. हा तिचा जन्माचा स्वभाव. लहानपणी दोराला गाठ बसली, तर ती सोडवल्याशिवाय जेवायला उठत नसे. रुख्मा मग दोरासकट तिला ताटावर आणून बसवी.

"गुंजन!" बिसराम खालून गरजला. "का करून रायलीस वो?"

"बाबूजी, थांबा जरासे. हा बी बसला कोठं, तेच समजून नाई रायलं."

"बी बसला खड्ड्यात! राघू बसले ना माह्या धानावर! तुह्यापेक्षा ते बुजगावनं बरं. तोंड उघडत नाई, पन हात पसरून उभं तं रायते!"

बांधीच्या मधोमध बिसरामचं जुनं बनियन घातलेलं बुजगावणं खरंच दोन्ही हात पसरून उभं होतं. त्याच्या डोक्यावरच्या मडक्यावर एक राघू बसला होता, तो भाग वेगळा.

गुंजन वरमली. अभ्यास सोडला तर परीक्षा जाते, राखण सोडली तर मचान जातं, आणि मचान गेलं की पुन्हा परीक्षाच जाते. तिनं रात्री बापाला तोड सुचवली, आणि दुसऱ्या दिवशी बिसराम टेकचंदच्या घरून मंडईचा भोंगा मागून घेऊन आला.

टेकचंद म्हणजे शेजारच्या बांधीचा मालक आणि गावच्या मंडईचा अध्यक्ष. दिवाळीनंतर प्रत्येक गावाची मंडई भरते, पाहुण्यांनी घरं भरतात, नाटक होतं. त्या सगळ्याचा कारभार टेकचंदकडे, म्हणून भोंगाही वर्षभर त्याच्याच माळ्यावर. तो भोंगा मचानाला बांधला आणि वायरीनं फोनला जोडला. गजेंद्र सर जो काय गरजला! "छोडो! आगे बढो!" असं त्यानं पहिल्यांदा म्हणताच बांधीतले सगळे राघू एकदम उठले. आज्ञाधारक पाखरं. त्यांनी बिसरामचं धान सोडलं आणि पुढे, म्हणजे टेकचंदच्या बांधीत, जाऊन बसली.

संध्याकाळी टेकचंद दारात हजर.

"का गा बिसराम भाऊ, भोंगा माह्या, अन् राघूही माह्याच बांधीत?"

"मंग भोंगा तुह्या धुऱ्यावर नेऊन ठेव ना, काका," गुंजन म्हणाली. "आवाज मले वरून आयकू येते."

असा तो भोंगा, वायरीला वायर जोडत, या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर, म्हणजे बांधाबांधावरून, फिरत गेला. प्रत्येकाच्या बांधीतून राघू पुढे ढकलले गेले, आणि आठवड्याभरात पिंपळटोल्याचा शेवटचा राघू छत्तीसगडची हद्द ओलांडून गेला. तिकडच्या लोकांनी तहसीलदाराकडे तक्रार केली म्हणतात. पण महाराष्ट्राच्या राघूंवर त्यांचा अंमल चालेना. इकडे गावाला मात्र गजेंद्र सराचं वेड लागलं. चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या बाया टक्केवारी ऐकू लागल्या. कैलाश आणि देवीदास या दोन भावांचं धुऱ्यावरून वडिलांच्या वेळेपासून चाललेलं भांडण होतं. एका दुपारी ते कुऱ्हाड-फावड्यावर आलं, आणि नेमका भोंगा कडाडला, "छोडो! आगे बढो!" दोघं दचकले, एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग एकानं चंची काढून दुसऱ्यापुढं धरली.

पण राघू ही जात हुशार. दिवाळी सरता सरता ते परत आले. भोंग्याचं भय त्यांना उरलं नव्हतं. उलट काही तरणे राघू भोंग्यावरच बसून, डोळे मिटून धडा ऐकत, आणि सर म्हणायच्या आधी तेच किंचाळत, "छोडो!" शिवाय मंडई जवळ आल्यानं टेकचंदनं भोंगाही परत नेला. जाताना टोमणा मारून गेला, "परीक्षा मांजरीची अन् राखण राघूची. तुह्या पोरीचं काही समजून नाई रायलं, भाऊ."

आता गुंजनला स्वतःच ओरडणं भाग होतं. त्याच सुमारास तिचे सराव-पेपरही सुरू झाले होते, फुकटचे, फोनवरचे. पहिल्या पेपरात ती एका कोड्यात अशी अडकली, की अख्खा विभाग संपला तरी तिथंच. गुण पाहून तिला रडू आलं. दुसऱ्या पेपरात पुन्हा तसंच. एक आकड्यांचा तक्ता सुटता सुटेना, ती दात-ओठ खात बसलेली, आणि तेवढ्यात बांधीत राघूंची चादर उतरली. बापाचं बोलणं आठवलं. ती ताडकन उठली, गोफण फिरवली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "हुर्रर्रर्र... हाऽऽ!"

राघू उडाले. गुंजन धापा टाकत खाली बसली. नजर पडद्यावर गेली ती पुढच्याच प्रश्नावर, आणि तो तिनं चुटकीसरशी सोडवला.

तिचं तिलाच नवल वाटलं. गजेंद्र सर घसा फोडून सांगत होता, जे येत नाही ते सोडा. पण सोडायचं कसं हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. ते आत्ता कळलं. अडलेला प्रश्न म्हणजे राघू. त्याच्याशी भांडत बसायचं नाही. हुर्रर्र करायचं, तो उडतो, आपण मोकळं.

मग काय! प्रश्न अडला की हुर्रर्र, पुढे. उतारा कळेना, हुर्रर्र, पुढे. राघू असोत नसोत. गुण वाढत गेले. इतके, की गजेंद्र सराच्या यादीत इंदूर, जयपूर, पुण्याच्या पोरांमध्ये 'गुंजन, पिंपळटोला' असं नाव झळकू लागलं. बिसराम ती यादी बघायला स्वतः मचानावर चढला. उतरताना त्याच्या मिशा आडव्याच्या उभ्या झाल्या होत्या.

फक्त एक गोची झाली. ती हुर्रर्र गुंजनच्या अंगात मुरली. सुईत दोरा जाईना, हुर्रर्र. कुलूप उघडेना, हुर्रर्र. मंडईला आलेल्या मावशीनं "लग्नाचं का ठरवलंस वो?" असं विचारलं, तिलाही हुर्रर्र, बिचारी मावशी हातातल्या वड्यासकट दाराबाहेर.

मंडईलाच रुचिकाही आली होती. पाटावर बसून ती जेवत होती आणि गुंजन तिच्यापुढं एक जुना पेपर घेऊन बसली होती. एका प्रश्नावर गुंजन थबकली, आणि छपरावरची कवेलू हलतील अशी ओरडली.

रुचिकाच्या हातातला घास ताटात पडला. "हे काय होतं?"

"काही नाई. प्रश्न सोडला."

"अगं, परीक्षेत पण अशीच सोडशील का?"

"मंग?"

"मंग काय? बाई, तिथं टाचणी पडली तर ऐकू येते. माझ्या वेळी एक जण नुसता पुटपुटत होता, त्याला दोनदा दटावलं. तू हे असं केलंस ना, तर सरळ दंडाला धरून बाहेर. आणि बाहेर म्हणजे बाहेरच. परत पेपर नाही."

गुंजननं पेपर मिटला. एक साल, एक डाव. आणि तो डाव स्वतःच्याच घशाच्या हातात.

परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती. सगळं घर उपायाला लागलं. रुख्मानं तोंडात सुपारी धरायला सांगितली; पहिल्याच हुर्ररीत ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटली आणि कोंबडा जायबंदी झाला. वाळलेली मोहफुलं चघळून पाहिली. दात चिकटले, पण हुर्रर्र नाकातून आली. टेकचंद म्हणाला, "आमच्या नाटकात एक हिरोईन होती. तिले ऐन रडाच्या सीनले हसू ये. मी तिले तोंडात पानी धरून उभी करो." गुंजननं पाणी धरलं. ते सगळं फोनवर उडालं. फोन तांदळाच्या कोठीत पुरून सुकवावा लागला. नशीब, या जिल्ह्यात निदान तांदळाला तोटा नाही.

"मनातल्या मनात ओरड," बिसराम म्हणाला.

"मनातला राघू मनातल्या आवाजानं नाई उडत, बाबूजी."

"मंग सोडू नोको प्रश्न. सोडवच."

"सगळे सुटत असते तं सोडाची गरज काऊन पडली असती?"

बिसरामनं दुपट्टा खांद्यावर टाकला. तो बांधीकडे निघून गेला. धान पिवळं झालं होतं, आणि बुजगावणं तेवढं हात पसरून उभं होतं.

परीक्षेच्या दिवशी बापलेक भल्या पहाटेची गाडी धरून नागपूरला पोहोचले. फाटकाशी बिसरामनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "घसा सांभाळजो," एवढंच तो म्हणाला, जसं काही ती गाण्याच्या स्पर्धेला चालली होती.

आत थंडगार हॉल, कॉम्प्युटरच्या रांगा आणि शांतता. अशी शांतता गुंजननं जन्मात ऐकली नव्हती. राघू नाही, वारा नाही, बेडूक नाही. शेजारच्या पोराच्या पोटात गुरगुरलं तेही तिला स्वच्छ ऐकू आलं.

पहिला विभाग इंग्रजीचा. समुद्रतळाच्या कुठल्या तरी प्राण्यावरचा एक उतारा दोनदा वाचून कळला नाही, घशाशी काहीतरी चढून आलं. तिनं बाही दातात धरली. बाही फाटली, पण आवाज निघाला नाही. निभावलं.

दुसरा विभाग कोड्यांचा. आणि पहिलंच कोडं काय असावं? पुन्हा गोल टेबल! यावेळी आठजण, त्यांचे धंदे वेगळे, शहरं वेगळी, कपड्यांचे रंगही वेगळे. गुंजननं कागदावर वर्तुळ काढलं. खोडलं. पुन्हा काढलं. हे सोडायचं, हे तिला समजत होतं. पुढं सोपं काहीतरी बसलंय, हेही समजत होतं. पण हुर्रर्र केल्याशिवाय बोट पुढच्या प्रश्नावर जाईना. घड्याळाचे आकडे पडद्यावर उतरत चालले. ती ओठ आवळी, वर्तुळ काढी. कान लाल झाले, मान फुगली, डोळ्यांपुढं ते आठजण टेबलावरचं धान खाताना दिसू लागले...

"हुर्रर्रर्रर्र... हाऽऽऽ!"

हॉलमध्ये काय झालं ते सांगायला शब्द अपुरे. एक पोरगी टेबलाखाली गेली. पाण्याची बाटली लवंडली. एसीनं आपणहून हवा बंद केली. वर छपरात बसलेली कबुतरं उठली, आणि त्यातली काही म्हणे भंडाऱ्याला जाऊनच थांबली. टायवाला पर्यवेक्षक धावत आला.

"ये क्या था?"

गुंजन उभी राहिली. खोटं सुचेना. "सर, राघू."

"कहाँ?"

"यहाँ।" तिनं पडद्यावरच्या गोल टेबलाकडे बोट दाखवलं.

पर्यवेक्षकानं पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मनानं बरा माणूस असावा. "तबियत ठीक है?"

"जी, अब ठीक है।"

"देखो बेटा, एक बार छोड़ रहा हूँ। दुबारा जरा भी आवाज आयी, तो बाहर। समझीं?"

गुंजन बसली. हुर्रर्र निघाली होती, त्यामुळे ते आठजण उडून गेले होते, आणि पुढचं कोडं तिनं खरंच भराभरा सोडवलं. पण त्याच्या पुढचं अडलं. पुन्हा घशाशी लाट. पर्यवेक्षक आता तिच्या रांगेतच, हात मागे बांधून उभा. आता एक आवाज, आणि सगळं साल पाण्यात. मिल, मुनीम, आणि काचेपल्याड दुसऱ्याच कुणाची फिरती खुर्ची.

तिनं डोळे मिटले. डोळ्यांपुढं बांधी आली, पिवळी. मचान आलं. खाली बाप आला, रागानं लाल. 'तुह्यापेक्षा ते बुजगावनं बरं. तोंड उघडत नाई, पन हात पसरून उभं तं रायते!'

गुंजननं डोळे उघडले. ओठ घट्ट मिटले. आणि बसल्या जागी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत सरळ पसरले. मान ताठ, बोटं ताठ. बिसरामचं बनियन तेवढं अंगात नव्हतं.

घशातली लाट खांद्यात गेली, खांद्यातून बोटांत, आणि बोटांतून निघून गेली. राघू उडाला. गुंजननं हात खाली घेतले आणि पुढचा प्रश्न उघडला.

पर्यवेक्षक बघत राहिला. हात पसरायला मनाई असल्याचं कुठल्या नियमात नव्हतं. पोरीची पाठ आखडली असेल, असं मनाशी म्हणून तो पुढे गेला. थोड्या वेळानं पुन्हा हात पसरलेले. गणिताच्या विभागात तर दर दोन-तीन प्रश्नांनी. शेजारचा गुरगुरणारा पोरगा कधीचा एका समीकरणाला डोकं लावून बसला होता. त्यानं हिचं बघून गुपचूप स्वतःही हात पसरले, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की बस. मग त्याच्या पलीकडच्या मुलीनं पसरले. पेपर संपेपर्यंत अर्धी रांग अशी उभ्या धानासारखी डुलत होती आणि हॉलमध्ये एक चिमणी फिरकली नाही.

फाटकाबाहेर बिसराम वाट बघत होता. पोरीचा चेहरा वाचता येईना, तेव्हा भीत भीत विचारलं, "ओरडलीस?"

"एकडाव."

बापाचा चेहरा उतरला. "काढलं बाहीर?"

"नाई. मंग बुजगावनं झाली."

बिसरामला काही कळलं नाही, पण भूक लागली होती, म्हणून दोघांनी आधी तर्री-पोहे खाल्ले.

निकालाचा दिवस आला तेव्हा धान कापून झालं होतं, चुरणंही, म्हणजे मळणी, आटोपली होती. बांधी मोकळी, नुसते बुडखे. एरवी कापणी झाली की मचानाचे खांब मोडून घरी नेतात. पण गावानं ठरवलं, हे आपलं टावर आहे, याला हात लावायचा नाही. बुजगावणंही कुणी काढलं नव्हतं. गुंजन मचानावर चढली आणि खाली सगळा पिंपळटोला जमला. टेकचंद भोंगा घेऊनच आला होता, निकाल जाहीर करायला. कैलाश-देवीदास एका चंचीत चिमूट घालत होते.

वारा बोडीकडून होता. चकरी फिरत राहिली.

"का झालं वो?" रुख्मा.

"चकरी."

"त्या बेडकाईले हाना कोनीतरी!" टेकचंद भोंग्यातून ओरडला. दोन पोरं बोडीकडे पळाली. बेडूक गप्प झाले आणि वाऱ्यानंही, उगाच गावाशी वाकडं नको म्हणून, तोंड फिरवलं.

पान उघडलं. गुंजन बघत राहिली. खालून माना वर करून सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिचे ओठ घट्ट मिटले होते. परीक्षेपासून ती एकदाही ओरडली नव्हती, सवय पार मोडली होती. आता तिनं फोन फळीवर ठेवला, उभी राहिली आणि सावकाश दोन्ही हात पसरले.

हातांची गोष्ट आता साऱ्या गावाला माहीत होती. जे येत नाही ते सोडताना गुंजन हात पसरते.

"गेलं," टेकचंद हळूच म्हणाला. पण भोंगा तोंडाशीच होता, ते सालेकशापर्यंत ऐकू गेलं. रुख्मानं पदर डोळ्याला लावला. बिसरामनं एकदा बुजगावण्याकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. मग शिडीच्या पायथ्याशी गेला आणि घसा खाकरून म्हणाला, "उतर खाली, बाई. मिल काही वाईट नसते."

"बाबूजी," वरून गुंजन म्हणाली, "आता ओरडू का?"

"आता कायले?"

"एवढ्या मार्कावर बोलावनं येते मनते. मोठ्या कॉलेजाचं. ओरडू का?"

बिसरामला ऐकू आलं, पण क्षणभर पोचलंच नाही. पोचलं तेव्हा त्याचे दोन्ही हात आपसूक पसरले गेले.

"ओरड ना वो! तुले अडवलं कोनं?"

आणि मग जी हुर्रर्र निघाली, तिला महिनाभराचं व्याज चढलं होतं. बोडीतलं पाणी काठाला लागलं. टेकचंदनं भोंगा केव्हाच बंद केला होता, तरी तो कुंईं करून वाजला. जंगलातले सगळे राघू, या हद्दीतले आणि त्या हद्दीतलेही, एकदम उठले आणि आभाळ घटकाभर हिरवं झालं. पल्याड रुळावर एक मालगाडी निघाली होती, ती जागीच थांबली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून मागे पाहिलं, पुढे पाहिलं, त्याला काही उमजेना.

तेवढ्यात त्याच्या इंजिनावर एक तरणा राघू येऊन बसला. त्यानं गाडीकडे पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहिलं, मान तिरकी केली आणि इंदुरी हिंदीत खडसावलं, "आगे बढो!"

गाडी हलली.